अजिंक्यताऱ्यावर अवयवदानासाठी चढाई करतोय. जमलेला पैसा शाळांमध्ये कसा लावावा?

रोजची_चढण (सातारा)

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्यातले काही जण रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो. कुणी बँकेतून निवृत्त, कुणाचा मंडईत गाळा, दोन शिक्षिका, एक औषधांचं दुकान चालवणारे. गटातल्या एका काकांना काही वर्षांपूर्वी मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा थांबलेल्या, दात्याची किडनी मिळाली. ती कुणाची, हे त्यांना ठाऊक नाही. अपघातात गेलेल्या कुणाच्या तरी घरच्यांनी दिली, एवढंच कळलं. त्याआधी आठवड्यातून तीनदा डायलिसिस करून घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडणारे काका आम्ही पाहिलेत. आता ते मंगळाईच्या देवळापर्यंत आमच्या बरोबरीनं चढतात.

त्यावरून ठरलं की एका रविवारी सगळ्या गावाला बरोबर घेऊन गड चढायचा. माणशी दोनशे रुपये, ज्याला जास्त द्यायचे त्यानं द्यावेत. जमेल त्या रकमेतून सातारा, कोरेगाव आणि माण तालुक्यातल्या हायस्कुलांत आठवी ते दहावीच्या मुलांपर्यंत अवयवदानाची माहिती न्यायची. तारीख ३ ऑगस्टच्या जवळची धरावी असं मनात आहे. १९९४ साली त्याच दिवशी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं, म्हणून तो आता भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळतात.

विचारायचं ते असं. पैसे गोळा करायला कसली परवानगी लागते? चढाईत शाळेची मुलं घ्यावीत का? आणि सर्वांत महत्त्वाचं, एवढ्या वयाच्या मुलांना या विषयावर नेमकं काय सांगायचं? गटात यावर एकमत होत नाही. काहींना वाटतं मुलांकडून संकल्पाचे फॉर्म भरून घ्यावेत, काहींना वाटतं मरणाचा विषय शाळेत नकोच. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

डोंगरवाट

कल्पना मनापासून आवडली. पण ३ ऑगस्टचा हट्ट सोडा. साताऱ्याचा ऑगस्टातला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. धुक्यात चार पावलांपुढचं दिसत नाही, दगडांवर शेवाळ, दरवाजाजवळच्या पायऱ्यांवर पाय ठरत नाही. तुम्हा रोजच्या लोकांना ते अंगवळणी पडलंय. पहिल्यांदा येणाऱ्या आजीला आणि आठवीतल्या पोराला नाही. त्या तारखेला शाळेत कार्यक्रम करा, चढाई दिवाळीनंतर घ्या. तेव्हा गवत वाळलेलं असतं, म्हणून विडी-सिगारेट आणि काडेपेटीला सक्त मनाई. आपल्याकडचे कितीतरी डोंगर दर उन्हाळ्यात वणव्यात जळतात.

सगळ्यांना 'चार भिंती' स्मारकापाशी जमवा, उजाडताना निघा. पंधरा जणांमागे एक माहितगार पुढे, एक सर्वांत मागे, मागच्याच्या गळ्यात शिट्टी. कुणी मागे राहिलं का हे त्यानंच बघायचं आणि त्यानं कुणालाही ओलांडायचं नाही. गाडीरस्ता बराच वरपर्यंत जातो, त्यामुळे एक रुग्णवाहिका वर उभी करता येईल आणि ज्यांना चढवत नाही त्यांनाही नेता येईल. वन विभागाला आणि पोलीस ठाण्याला आधी लेखी पत्र द्या, पोच घ्या. मुलं असतील तर पालकांचं संमतीपत्र आणि शाळेचे शिक्षक बरोबर हवेत. एकट्यानं आलेल्या मुलाला प्रेमानं परत पाठवा.

हिशोबाची_वही

तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर गणेश मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात तीच तुम्हाला लागेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चं कलम ४१ क. अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे करायचा, नंतर जमाखर्च सादर करायचा. दुसरा मार्ग सोपा: अवयवदानात किंवा शिक्षणात काम करणारी, देणगीवरच्या कर सवलतीची मान्यता (८० जी म्हणतात ती) असलेली एखादी संस्था बरोबर घ्या आणि पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. जुन्या करप्रणालीत असलेल्या देणाऱ्याला कर सवलत मिळते. दोन हजारांच्या वरची देणगी रोखीनं घेतली तर ती सवलत मिळत नाही, हे पावती फाडणाऱ्याला सांगून ठेवा.

कुणाच्याही खासगी मोबाइलचा क्यूआर कोड लावू नका, माणूस कितीही सचोटीचा असला तरी. आणि टी-शर्टात पैसा घालवू नका. दोनशेतले सव्वाशे त्यातच जातात, मग शाळेला काय उरणार? चढाई झाल्यावर आठ दिवसांत जमाखर्च फळ्यावर लावा, गडाच्या पायथ्याशीच.

आक्का_माणदेश

दादा, वाटेचं आणि पैशाचं वरच्या दोघांनी चांगलं सांगितलंय. मी शाळेचं सांगते. मी दहिवडीकडची. माझ्या धाकट्या भावाचे अवयव आम्ही दिले. तेव्हापासून कुणी बोलावलं की हायस्कुलांत जाते.

मुलांना काय सांगायचं, तर गरम हाताबद्दल सांगायचं. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

भाऊ मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं. पुण्याला हलवलं, अतिदक्षता विभागात होता. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं की मेंदू पूर्ण थांबलाय, तो आता राहिला नाही. आणि आम्ही आत गेलो तर मशीनच्या पडद्यावर ठोके चाललेले, छाती वरखाली होतेय. आत्यानं त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, हात गरम हाय की पोराचा! मग गेला कसा म्हणतायत ही माणसं?" आमच्यातल्या कुणाकडंच त्याला उत्तर नव्हतं. आबा सातवी शिकलेले, मी पदवीधर, चुलतभाऊ शाळेत विज्ञान शिकवणारा. सगळे गप्प.

दवाखान्यात प्रत्यारोपण समन्वयक म्हणून एक बाई होत्या. त्या आत्याशेजारी फरशीवर बसल्या आणि साताऱ्याकडच्या बोलीतच बोलल्या. हृदयाच्या आतच ठोका पाडणाऱ्या पेशी असतात, त्याला मेंदूच्या हुकमाची गरज नाही. प्राणवायू मिळतोय तोवर ते चालतं. श्वास मात्र मेंदूच घ्यायला लावतो, आणि तो श्वास आता मशीन देतंय. मशीनमुळे हृदय चाललंय, रक्त फिरतंय, म्हणून हात गरम. कोमातला माणूस कधीकधी परत येतो. मेंदूमृत माणूस परत येत नाही, आणि मशीनवरसुद्धा हृदय फार दिवस चालत नाही. हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल! आत्या विचारत राहिली आणि त्या सांगत राहिल्या.

आईला त्याचं एक बोलणं आठवलं. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात नेत्रदानाचा फॉर्म भरून आला होता आणि रात्री जेवताना म्हणाला होता, "आई, मी गेलो तर माझे डोळे द्यायचे." ताटावर बसून कसली अभद्र बोलणी, म्हणून आई केवढी चिडली होती. त्या दिवशी तीच म्हणाली, त्याची इच्छा होती, द्या. आबांनी सही केली. त्याच्या दोन्ही किडन्या, यकृत आणि डोळे दिले.

आता तुमच्या गटातला फॉर्मचा मुद्दा. अठरा वर्षांखालच्या मुलाला संकल्प करता येत नाही, तेव्हा आठवी-नववीत फॉर्म वाटण्यात अर्थ नाही. मोठ्यांना 'नोटो'च्या, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, संकेतस्थळावर आधार क्रमांकानं संकल्प नोंदवता येतो, जरूर नोंदवावा. पण प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा आपल्याकडं जवळच्या नातेवाइकांना विचारतातच, आणि त्यांनी नको म्हटलं की विषय तिथंच थांबतो. कार्ड पाकिटात राहतं. आमच्या घरी उपयोगी पडलं ते त्याचं जेवताना बोललेलं वाक्य. म्हणून मी मुलांना गृहपाठ देते तो एवढाच: आज रात्री घरी विचारा, "आपल्याला हे ठाऊक आहे का?" संकल्प करा म्हणून नाही सांगायचं. विचारा फक्त.

वर्गात सुरुवात नाडीपासून करते. मनगटावर दोन बोटं ठेवा, मोजा. मग श्वास रोखा, नाडी थांबली का बघा. नाही थांबत. पुढं जाऊन श्वास कोण घ्यायला लावतं, ठोका कोण पाडतं, हे मुलंच बोलायला लागतात. नववीची पोरं हे चटकन पकडतात. दधीची ऋषींची गोष्ट सहावी-सातवीला छान लागते, पण नववी-दहावीला शरीराचं शास्त्रच सांगावं. त्यांना गोष्टीत गुंडाळलेलं आवडत नाही.

त्यानंतर चिठ्ठ्या मागवते, नाव न घालता. हात वर करून विचारायला मुली लाजतात. पुढच्या जन्मी आंधळं व्हायला होतं का, हा प्रश्न जवळपास प्रत्येक शाळेत येतो. प्रेत विद्रूप दिसतं का? नाही, टाके घालून नीट करून देतात, आम्ही भावाला घरी आणून सगळे विधी केले. पैसे मिळतात का? एक रुपयाही नाही, अवयवांची खरेदी-विक्री केली तर १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. डॉक्टर अवयवांसाठी मुद्दाम मरू देतील का? हा प्रश्न टाळू नका, मोठी माणसंही मनात तोच धरून बसलेली असतात. चार डॉक्टर तपासतात, कमीत कमी सहा तासांनी पुन्हा सगळ्या चाचण्या करतात, मशीनचा श्वास थांबवून स्वतःहून श्वास येतो का ते बघतात. आणि त्या चौघांत अवयव बसवणाऱ्या पथकातला एकही नसतो.

आणि एक गोष्ट खेड्यातल्या शाळेत सांगायलाच हवी. घरी वारलेल्या माणसाचं हृदय, किडनी देता येत नाही. मरणानंतर ते द्यायचं तर बहुतेक वेळा मशीनवरचा मेंदूमृत माणूसच लागतो, आणि तशी वेळ फार थोड्यांवर येते. डोळे मात्र घरी वारलेल्या माणसाचेही देता येतात, सहा तासांच्या आत. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, साखर असो, तरी चालतं. पापण्या मिटायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा. हे नववीच्या मुलीला पाठ असेल तर आजोबा गेल्यावर रडारडीत एवढं करायला घरात तीच पुढं होते. माझ्या माहितीत असं घडलंय.

पैसे कशावर घालायचे? प्रोजेक्टर नको. आमच्याकडं वर्ग भरला की वीज जाते. कापडावर छापलेले मोठे तक्ते करून घ्या, गुंडाळून एसटीत नेता येतात. घरी न्यायला मराठीतलं एक पान, आजीला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. बोलायला येणाऱ्याचं प्रवासभाडं. आणि दरवर्षी त्याच शाळेत जायचं, कारण आठवी दरवर्षी नवी असते. एकदा जाऊन फोटो काढून आलं की काही राहत नाही.

पुन्हा_चालता

मी किडनी बदललेला. चढाईत आमच्यासारख्यांना बोलावणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा.

अवयव नाकारला जाऊ नये म्हणून आम्ही जन्मभर गोळ्या घेतो. त्या बारा तासांच्या अंतरानं, ठरल्या वेळीच घ्याव्या लागतात. माझी वेळ सकाळी आठची, म्हणजे गडावर असतानाच येणार. तेव्हा कुणी भाषण लांबवू नये, पाणी आणि दोन घास हाताशी असावेत. त्याच गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. गर्दीत मास्क घालतो. उघड्यावरचं ताक, मडक्यातलं दही, टाक्यातलं पाणी आम्हाला चालत नाही. कुणी आग्रहानं पुढं केलं आणि आम्ही नको म्हटलं तर राग मानू नये. ऊन लागू नये म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्या. गुडघा दुखला म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीतली अंगदुखीची गोळी किडनीवाल्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. त्यातल्या कितीतरी गोळ्या किडनीला मारक असतात. हे मदतनीस मुलांना आधीच बजावून ठेवा.

बाकी चालायचं म्हणाल तर आम्ही चालतो. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला अवयव मिळालेल्यांच्या पहिल्या जागतिक क्रीडास्पर्धा झाल्या, त्या आजही होतात.

एक विनंती. दात्याच्या घरचे आणि अवयव मिळालेले यांना मंचावर समोरासमोर उभं करून मिठ्या मारायला लावू नका. कुणाचं कुणाला गेलं हे गुप्त ठेवतात, त्याला कारण आहे. मला त्या घरासाठी दररोज हात जोडावेसे वाटतात. ते मी माझ्या देवघरात करतो. आक्का, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

शाळामास्तर_कोरेगाव

मी नववीचा वर्गशिक्षक. शाळेच्या बाजूनं बोलतो. मुख्याध्यापकांना नुसता फोन करून येऊ नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र असेल तर आमचं काम सोपं होतं. वेळ मागताना घटक चाचणी आणि सहामाही टाळा. आधी पालक सभेत पंधरा मिनिटं मागून घ्या. घरी गेल्यावर पोरानं जेवताना हा विषय काढला आणि पालकांना काहीच कल्पना नसली, तर दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या दारात उभे असतात.

आक्का, माझी खरी अडचण वेगळी आहे. वर्गात एखाद्या मुलाचे वडील नुकतेच गेलेले असतात. गेल्या वर्षी माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. अशा वेळी तुम्ही काय करता?

आक्का_माणदेश

सर, हे तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. मी वर्गात पाऊल टाकायच्या आधी वर्गशिक्षकांना हेच विचारते: गेल्या वर्षभरात कुणाच्या घरी कुणी गेलंय का? असेल तर त्या मुलाशी आधी शिक्षकांनी एकट्यानं बोलायचं, विषय सांगायचा, बसायचं की ग्रंथालयात जायचं हे त्यानं ठरवायचं. माझ्या अनुभवात बहुतेक मुलं बसतात. मागच्या बाकावर बसतात, शिक्षक जवळ असतात. अपघाताचं वर्णन मी अशा वर्गात करत नाही, नाडी, श्वास आणि डोळे एवढ्यावरच राहते. आणि वडील गेलेल्या मुलाला कुणी "तुम्ही दिले का डोळे?" असं विचारू नये म्हणून चिठ्ठ्या मीच वाचते, मुलांना वाचू देत नाही. ज्यांनी दिले नाहीत त्यांनी काही चूक केली, असं एकाही मुलाला वाटता कामा नये. माहिती नव्हती, वेळ नव्हता, मन झालं नाही, यातलं काहीही असू शकतं. ते त्या घराचं दुःख आहे.

पालक सभेचं म्हणणं एकदम पटलं. आईवर्गाला आवर्जून बोलवा. जेवणाच्या ताटावरचं बोलणं शेवटी त्यांच्याच समोर होतं.

रोजची_चढण (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी वर टाक्याजवळ बसून हे सगळं गटात मोठ्यानं वाचून दाखवलं. ठरलं ते असं.

चढाई डिसेंबरातल्या रविवारी. मुलांचा गट वेगळा, शिक्षकांसह, नववी-दहावीच फक्त. टी-शर्ट रद्द. त्याऐवजी छातीला लावायची साधी कापडी पट्टी, ती आमच्यातल्या एक शिंपीकाकू शिवून देणार आहेत. पैसे एका नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात घ्यायचे, बोलणी सुरू आहेत. जमाखर्च फळ्यावर लावायचा. फॉर्म वाटण्याचा विचार सोडला. ज्या मोठ्या माणसांना संकल्प करायचा असेल त्यांच्यासाठी खाली पायथ्याशी एक टेबल, माहितीसाठी नोटोचा १८००-११-४७७० हा क्रमांक मोठ्या अक्षरात. काकांनी सांगितलंय की ते भाषण करणार नाहीत, पण शेवटच्या गटाबरोबर चालतील. त्यांच्या गोळीची वेळ मागच्या शिट्टीवाल्याला सांगून ठेवलीय.

मास्तर, पहिली पालक सभा तुमच्याच शाळेत घ्यायची का? मुख्याध्यापकांच्या नावानं पत्र कुणाच्या सहीचं लागेल ते कळवा. आक्का, कापडी तक्त्यांवर काय काय असावं याचा मसुदा तुम्ही करून द्याल का? छपाईला टाकण्याआधी आमच्यातले डॉक्टर तपासतील. आणि सुरुवातीच्या शाळांना तुम्ही स्वतः यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

आक्का_माणदेश

मसुदा करते. तक्ते चार पुरेत: हृदय आणि श्वास, चार डॉक्टरांची तपासणी, काय कुठून देता येतं, आणि डोळ्यांसाठी घरी काय करायचं. चौथ्यावर नेत्रपेढीच्या फोनसाठी जागा मोकळी ठेवा, प्रत्येक शाळेत जवळच्या पेढीचा नंबर हातानं लिहिता येईल. शाळांना येते मी. सोमवारी मला बाजाराला जायचं असतं, तेवढा सोडून कुठलाही दिवस कळवा. सकाळच्या एसटीनं कोरेगावात उतरेन, तिथून पुढं शाळेत मास्तरांनी न्यावं.